भांडण नव्हतं, तरीही

मुंबईच्या सोसायटीचं पत्र अगदी छोटं होतं. सभासदाच्या निधनाबद्दल दुःख, थकलेल्या मेंटेनन्सचा आकडा, आणि शेवटी 'खोली वारसांच्या नावे करण्यासाठी न्यायालयाचं प्रोबेट सादर करावं.' आईने ते पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि विचारलं, "प्रोबेट म्हणजे कोणता दाखला? तलाठ्याकडे मिळतो का?" मिळत नाही. मृत्युपत्र खरं असल्याचा तो कोर्टाच्या शिक्क्याचा दाखला.

मामा मध्य रेल्वेत फिटर होते. लग्न केलं नाही. नोकरीत असताना भांडुपला वन रूम किचन घेतलं, निवृत्त झाल्यावर ते भाड्याने दिलं आणि तापीकाठच्या आपल्या गावी येऊन राहिले. २०१६ मध्ये त्यांनी मृत्युपत्र केलं. तहसील कचेरीबाहेरच्या टायपिस्टकडून साध्या कागदावर, गावातल्या दोन साक्षीदारांच्या सह्यांनी. रजिस्टर केलेलं नव्हतं. करायलाच पाहिजे असं कायद्यात नाहीही. शेती धाकट्या मामांना, आणि भांडुपची खोली माझ्या आईला व थोरल्या मामांच्या मुलीला निम्मी-निम्मी. थोरले मामा आधीच गेलेले. एक्झिक्युटर म्हणून, म्हणजे मृत्युपत्राप्रमाणे सगळं पार पाडणारी व्यक्ती म्हणून, माझं नाव टाकलं होतं. "तू मास्तरीण आहेस, तुला कागद कळतात," एवढंच कारण त्यांनी सांगितलेलं. २०२२च्या सुरुवातीला मामा गेले.

खान्देशात तीन जिल्हे. त्यातला आमचा कुठला ते मी लिहिणार नाही. ज्या कोर्टात आम्ही फिरलो तिथली माणसं बहुतेक चांगलीच होती, आणि जी नव्हती त्यांच्याशी मला आता काही देणंघेणं नाही.

आधी शेतीचं सांगून टाकते, कारण ते लवकर झालं. मृत्युदाखला, मृत्युपत्राची प्रत आणि वारसांचे जबाब तलाठ्याकडे दिले. त्यांनी फेरफार धरला, सगळ्यांना नोटिसा निघाल्या, पंधरा दिवसांत कुणी हरकत घेतली नाही आणि मंडल अधिकाऱ्यांनी नोंद प्रमाणित केली. सातबाऱ्यावर धाकट्या मामांचं नाव लागलं. त्यामुळे आम्हाला वाटलं, खोलीचंही असंच होईल.

पण त्याच कागदाला भांडुपमध्ये वेगळा कायदा लागत होता. १९२५चा भारतीय वारसा कायदा, त्यातली कलमं ५७ आणि २१३. इंग्रजांनी बंगाल प्रांत आणि मद्रास व मुंबई ही शहरं एवढ्यापुरती एक अट ठेवली होती: हिंदू माणसाचं मृत्युपत्र तिथे केलेलं असेल किंवा तिथल्या घरा-जमिनीबद्दल असेल, तर प्रोबेट घेतल्याशिवाय त्याच्या जोरावर कोर्टात हक्क सांगता येणार नाही. म्हणजे एकाच मृत्युपत्राच्या पहिल्या परिच्छेदाला प्रोबेट नको आणि दुसऱ्याला हवं. मामांनी नॉमिनेशनचा फॉर्म भरलेला नव्हता. असता तरी नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. पण निदान सोसायटीशी बोलायला एक माणूस राहिला असता.

माझी पहिली भीती होती ती मुंबईच्या हायकोर्टाची. तिथला वकील, तिथल्या फेऱ्या, शाळेच्या रजा. ही भीती आमच्या वकीलसाहेबांनी पहिल्याच बैठकीत काढली, आणि हे मी मुद्दाम सविस्तर लिहिते, कारण कितीतरी लोकांना ते कुणी सांगत नाही. मरणारा माणूस शेवटी जिथे कायम राहत होता किंवा जिथे त्याची काही मिळकत आहे, त्या जिल्ह्याच्या कोर्टातही प्रोबेट मागता येतं. कलम २७०. आणि जिल्हा न्यायालयाने दिलेलं प्रोबेट राज्यभर चालतं, कलम २७३. मामा गावी राहत होते आणि गावीच गेले. भांडुप महाराष्ट्रात आहे. म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या कोर्टाचा कागद भांडुपच्या सोसायटीला मानावा लागणार. खोली वापीला किंवा सुरतेला असती, तर हा हिशेब जमला नसता.

अर्ज तयार करतानाच पहिला वेळ गेला. रेल्वेच्या कागदांवर मामांचं एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर आडनाव पाटील आणि आधारवर मूळ कुळाचं आडनाव. आमच्याकडे हे घरोघरी आहे. पाटील ही पदवी की आडनाव, याचा निकाल पिढ्यानपिढ्या लागत नाही. शेवटी अर्जाच्या शीर्षकातच मामांच्या नावापुढे दोन वेळा 'उर्फ' आलं आणि ही सगळी माणसं एकच, असं माझं शपथपत्र जोडलं. मृत्युपत्राची मूळ प्रत अर्जासोबत कोर्टाच्या ताब्यात जाते, म्हणून आधीच तिच्या साक्षांकित प्रती करून ठेवल्या. मिळकतीचं परिशिष्ट, देण्यांचं परिशिष्ट, वारसांची यादी आणि पत्ते.

ही यादी करताना वकीलसाहेबांनी मला थांबवलं. कायद्याप्रमाणे अविवाहित पुरुषाचे आईवडील हयात नसतील तर त्याचे वारस म्हणजे हयात भाऊ-बहिणी. मेलेल्या भावाची मुलं त्यानंतरच्या पायरीवर येतात. म्हणजे काटेकोर पाहिलं तर माझी आई, धाकटे मामा आणि शिरपूरची मावशी, एवढेच. पण ते म्हणाले, थोरल्या मामांच्या सगळ्या मुलांचीही नावं टाका. उद्या कुणी उठून 'आम्हाला कळवलंच नाही' म्हणालं, तर मिळालेलं प्रोबेटही रद्द करून मागता येतं. सल्ला बरोबर होता. पण नावं वाढली तशा नोटिसा वाढल्या, आणि आमचा खरा वेळ तिथेच गेला.

मृत्यूनंतर सात दिवसांच्या आत प्रोबेट देऊ नये, असं कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे. किती दिवसांत द्यावंच, हे कुठेही लिहिलेलं नाही. मला या कायद्यात सगळ्यात जास्त खटकलं ते हेच. घाई होऊ नये याची काळजी घेणारं कलम आहे आणि उशीर होऊ नये याची काळजी घेणारं एकही नाही.

अर्ज दाखल झाला, सोळा आकडी-अक्षरी सीएनआर नंबर, म्हणजे केसचा ओळख क्रमांक, मिळाला, मोबाइलवर ई-कोर्ट्सचं ॲप घेतलं. त्यानंतर कितीतरी महिने ॲप उघडलं की एकच दिसायचं: नोटीस. एक जाहीर नोटीस स्थानिक दैनिकात द्यायची, एक कोर्टाच्या फलकावर, एक कलेक्टर कचेरीत लावायची. हे तिन्ही पैसे भरले की होतं. अडतं ते घरोघरच्या नोटिशीला.

धाकटे मामा उधन्याला राहतात. सुरतच्या उधना-लिंबायत भागात खान्देशी माणूस किती आहे हे ज्याने सुरत-भुसावळ पॅसेंजरने प्रवास केला आहे त्याला सांगायला नको. नंदुरबारला, दोंडाईच्याला, अमळनेरला निम्मा डबा अहिराणीत बोलत चढतो-उतरतो. मामा लूमवर. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. परराज्यातली नोटीस आधी तिथल्या कोर्टात जाते, मग तिथला बेलीफ, म्हणजे नोटीस पोचवणारा कोर्टाचा माणूस, घेऊन जातो, मग त्याचा अहवाल आमच्या कोर्टात परत येतो. पहिला अहवाल आला: घरास कुलूप. पत्ता बरोबर होता, माणूसही तिथेच होता. तो फक्त कामावर गेला होता. त्या एका ओळीवर पुढची तारीख पडली, मग पुन्हा नोटीस काढण्यासाठी प्रोसेस फी, पुन्हा तीच वाट.

दुसऱ्यांदा नोटीस मामांच्या हातात पडली, आणि ते जास्त वाईट झालं. रात्री उशिरा आईला फोन. "बहीन, तू मनावर केस करी का वं?" आईला आधी कळेनाच ते कशाबद्दल बोलत आहेत. नोटिशीवर 'अर्जदार' म्हणून माझं नाव आणि 'सामनेवाले' म्हणून त्यांचं. खाली छापील मजकूर: अमुक तारखेला हजर राहून म्हणणं मांडावं, न मांडल्यास आपल्या गैरहजेरीत निकाल केला जाईल. ज्या माणसाने आयुष्यात कोर्टाची पायरी चढली नाही, त्याला या भाषेत दुसरं काय दिसणार? भाचीने मामावर केस केली, एवढंच दिसणार. खरं तर कायद्याच्या लेखी त्या नोटिशीचा अर्थ 'हे काम चाललं आहे, येऊन पाहायचं असेल तर पाहा' एवढाच आहे. पण तसं लिहिलेला छापील नमुना कुणी करत नाही.

मामांनी फोन घेणं बंद केलं. शेती त्यांच्या नावावर झालेली होती, त्यांना खोलीत वाटा नको होता, हे ते स्वतः पूर्वी बोलले होते. तरी मनात राग बसला तो बसला. शेवटी आई उठली, पॅसेंजरने उधन्याला गेली, भावाच्या घरी मुक्काम केला. काय बोलणं झालं ते तिने मला कधी नीट सांगितलं नाही. मामींनी पुढे एकदा हसत सांगितलं की पहिल्या दिवशी भावाने बहिणीला चहासुद्धा विचारला नव्हता, चुलीवर ठेवला तो मामींनीच. परतताना आईच्या पिशवीत मामांचं ना-हरकत शपथपत्र होतं.

आणि ते गुजरातीत होतं! मामांनी उधन्याच्याच नोटरीकडे केलेलं, शिक्का गुजराती, टाइप गुजराती, फक्त सही मराठीत. आमच्या कोर्टाची भाषा मराठी. म्हणून त्याचं भाषांतर, भाषांतर बरोबर असल्याचं भाषांतर करणाऱ्याचं शपथपत्र, आणि हे सगळं दाखल करायला पुढची तारीख. वकीलसाहेब वैतागले, मी वैतागले, आई मात्र खूश होती. तिला कागदाशी काही घेणं नव्हतं, भाऊ पुन्हा बोलू लागला होता.

शिरपूरच्या मावशीची नोटीस पहिल्या फेरीतच बजावली गेली. थोरल्या मामांची मुलं नाशिकला आणि पुण्याला. एकाने भाड्याचं घर बदललेलं, नवा पत्ता व्हॉट्सॲपवर एका मिनिटात मिळाला पण तो अर्जात दुरुस्त करायला कोर्टाची परवानगी लागली. यावर जास्त लिहीत नाही.

मृत्युपत्र सिद्ध करायचं तर त्यावर सही करणाऱ्या दोन साक्षीदारांपैकी किमान एक कोर्टात उभा करावा लागतो, तो हयात आणि येण्याजोगा असेल तर. मामांच्या दोन साक्षीदारांपैकी एक, त्यांचे लहानपणचे मित्र, मामांच्याही आधी गेले. दुसरे आमच्या गावचे निवृत्त हेडमास्तर. वय ऐंशीच्या पुढे, कानाने कमी, आणि आता मुलाकडे पुण्यात. मला त्या काळात रात्री झोप न येण्याचं कारण सोसायटीचं व्याज नव्हतं, हेडमास्तरांची तब्येत होती. त्यांना काही झालं असतं तर मग दोघांपैकी एकाची तरी सही कोणाच्या ओळखीची आहे, त्यांच्या हस्ताक्षराचे जुने कागद कुठे आहेत, हे सगळं शोधत बसावं लागलं असतं. रस्ता बंद झाला नसता, लांब झाला असता.

त्यांच्या साक्षीची तारीख ठरली. मुलाने रजा काढली, गाडी केली, सर आले. न्यायाधीश साहेब रजेवर. चार्ज दुसऱ्या कोर्टाकडे, आणि चार्ज असलेलं कोर्ट साक्ष घेत नाही, फक्त तारीख देतं. सर बाकावर बसून होते. त्यांना मी कानाशी जाऊन सांगितलं की आज होणार नाही. ते म्हणाले, "मग मी उद्या येतो." पुढची तारीख उन्हाळी सुट्टीच्या पलीकडची होती. सुट्टीनंतर कळलं की न्यायाधीशांची बदली झाली आहे, नवे साहेब रुजू व्हायचे आहेत. बदल्या उन्हाळ्यातच होतात, त्यात कुणाचा दोष नाही. पण ज्याच्या मनात एक म्हातारा साक्षीदार आहे त्याला ते समजून घेणं जड जातं.

सर पुन्हा आले तो दिवस मला चांगला आठवतो. शपथपत्र आधीच दाखल होतं, मृत्युपत्राला पुराव्याचा क्रमांक, म्हणजे निशाणी, पडायची होती. कारकुनाने मूळ कागद त्यांच्यासमोर धरला. सरांनी चष्मा बदलला, कागद हातात घेतला आणि आधी सगळा वाचून काढला, सहीपुरता नाही. कोर्ट थांबलं होतं. मग साहेबांनी मोठ्याने विचारलं की ही सही तुमची का, मामांनी तुमच्यासमोर सही केली का, तुम्ही दोघांनी त्यांच्यासमोर केली का. चाळीस वर्षं वर्गात शुद्ध मराठी बोललेले आमचे सर साक्षीच्या पिंजऱ्यात अहिराणीवर आले. "सही मनीच शे साहेब. पाहिजे ते आत्तेच करी दाखाडस." साहेब हसले. स्टेनोने ते मराठीत टाइप केलं: 'सही माझी आहे.' उलटतपास घ्यायला समोर कुणीच नव्हतं. ज्यासाठी एवढं थांबलो ते काम चहा पिण्याइतक्या वेळात संपलं.

बाहेर निंबाखाली सरांना खुर्ची दिली. ते म्हणाले, कागदावर एक शुद्धलेखनाची चूक आहे, मी तेव्हाच टायपिस्टला सांगितलं होतं.

पुढचं लवकर झालं. आदेश आमच्या बाजूने झाला, अटी लिहिलेल्या होत्या त्या पूर्ण केल्या. कोर्ट फी मिळकतीच्या किमतीवर लागते. मुंबईत रेडी रेकनरने, म्हणजे सरकारी दरपत्रकाने, खुराडंही लाखांत जातं, पण महाराष्ट्रात प्रोबेटच्या फीला ७५ हजारांची वरची मर्यादा आहे. आम्ही ती मर्यादा गाठली. ही रक्कम कुणी भरायची यावर मात्र घरात थोडी कुरबुर झाली. शेवटी खोली ज्यांची त्यांनी, आई आणि मामेबहीण यांनी, निम्मी-निम्मी भरली. आईने बचत गटातून उचल घेतली. भाडेकरू मधल्या काळात भाडं देणं टाळत होता, 'मालक कोण ते आधी ठरवा' म्हणून, आणि मेंटेनन्स व्याजासकट वाढत होता. उशिराचं बिल असं दोन्हीकडून येतं. कोर्टात भांडण नसलं तरी ते येतंच.

प्रोबेट हातात आलं तेव्हा २०२४ संपत आलं होतं. कोर्टाचा शिक्का, मृत्युपत्राची प्रत जोडलेली, त्यावर माझं नाव. सोसायटीच्या कमिटीने ते पाहून विचारलं, "हे मुंबईच्या कोर्टाचं का नाही?" मी कलम २७३ची छापील प्रत पर्समध्येच ठेवली होती. सेक्रेटरीने ती त्यांच्या वकिलाला दाखवली आणि पुढच्या सभेत खोली दोघींच्या नावावर केली. इथे बरेच जण थांबतात. थांबू नये. एक्झिक्युटरने प्रोबेट मिळाल्यापासून सहा महिन्यांत मिळकतीची यादी आणि एका वर्षात हिशेब कोर्टात द्यायचा असतो, कलम ३१७. मी दोन्ही दिले. देताना कारकून म्हणाला, "मॅडम, हे कुणी आणून देत नाही." मला ते कौतुक वाटलं नाही. कुणी विचारतही नाही, असा त्याचा अर्थ होता.

२०२५च्या डिसेंबरात संसदेने जुने कायदे काढून टाकणारा एक कायदा केला आणि त्यात हे २१३वं कलमच वगळलं. वकीलसाहेबांनी मला मेसेज करून कळवलं, पुढे एक हसरा चेहरा. मला राग आला नाही असं म्हणता येणार नाही. कलम काढलं ते योग्यच. ठराविक भागांतल्या लोकांना वेगळा नियम आणि तोही धर्म पाहून, याला शंभर वर्षांनंतर काही कारण उरलं नव्हतं. पण ज्या गोष्टींत आमचा वेळ गेला त्यातली एकही या दुरुस्तीने हललेली नाही. कुलूप बघून परत जाणारा बेलीफ, घाबरवणारा छापील नमुना, चार्जचं कोर्ट. प्रोबेट मागण्याची सोय अजून आहेच, आणि जिथे नात्यात संशय आहे तिथे लोक ते मागणारच.

ती बातमी उधन्यालाही पोचली. धाकट्या मामांच्या मुलाचा फोन आला. त्याच्या सासऱ्यांचं मुलुंडला घर आहे, ते गेले, मृत्युपत्र आहे. "ताई, आता तर प्रोबेट लागतच नाही म्हणे. मग सरळ नावावर करून घेऊ ना?"

मी विचारलं, साक्षीदार दोघं हयात आहेत का? तो म्हणाला, बघावं लागेल. म्हटलं, ते आज बघ. सासूबाईंशिवाय अजून कुणाकुणाचा हक्क लागतो त्यांची नावं लिही, सगळ्यांचे आत्ताचे पत्ते घे, आणि प्रत्येकाला आधी स्वतः फोन कर, कागद नंतर. मग सोसायटीला लेखी विचार की प्रोबेटशिवाय त्यांना काय काय लागेल, आणि उत्तरही लेखी माग. नाही म्हणाले तर मला सांग, तुझ्या सासऱ्यांचं कायमचं राहणं कुठे होतं ते बघू.

"ते तर धुळ्यालाच होते," तो म्हणाला.

"मग मुंबईत वकील शोधू नकोस," मी म्हटलं.